दुसरी टाकी

आमच्या घरी हवेचा कॉम्प्रेसर आहे असे सांगितले की पाहुण्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आणि मग थोडी कीव उमटते. निवृत्तीनंतर कोणी सतार शिकतो, कोणी गुलाबाची कलमे करतो. आम्ही दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर विकत घेतला. पण बेळगावात, तेही अनगोळच्या बाजूला, उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचा धूर आणि लेथचा आवाज यांच्या सान्निध्यात ज्याची हयात गेली, त्याला असले वेड लागले तर वाचकांनी फार नवल करू नये. मागील पडवीत तो बसवला आणि घरातली जुनी सागवानी कपाटे, खुर्च्या, झोपाळ्याच्या कड्या यांना रंग देणे हा आमचा उद्योग होऊन बसला.

२०२३ च्या उन्हाळ्यात धाकट्या पुतणीचे लग्न ठरले. आमच्या आजीचे दोन दारांचे कपाट तिला द्यायचे, असे घरात ठरले आणि ते नव्यासारखे करून देण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले. पहिल्याच दाराने आमचा पाणउतारा केला. दार निम्मे रंगवून होते न होते तोच फवाऱ्याचा जोर ओसरे आणि गुळगुळीत पृष्ठावर रंगाचे बारीक थेंब उठत. ते घासून काढायचे, पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा तेच.

कारण सरळ होते. स्प्रे गन मिनिटाला सुमारे १८० लिटर हवा खाते. आमचा कॉम्प्रेसर देतो १२० च्या आसपास. तूट भरून काढायची ती टाकीतल्या साठ्याने, आणि टाकी होती अवघी ५० लिटरची. आठ किलोच्या दाबाला मोटार बंद होते, सहाला पुन्हा सुरू होते, आणि तीन किलोच्या खाली गेले की गन दम टाकते. हिशेब केला तर सलग काम जेमतेम तीन मिनिटांचे. आणखी १०० लिटरची टाकी जोडली तर तेच काम नऊ मिनिटे चालेल, आणि नऊ मिनिटांत एक दार सुखाने होते.

आता १०० लिटरची टाकी आमच्या परसातच होती! आमचे वडील बंधू, अण्णा, यांनी १९८६ मध्ये रंगकामाची छोटी शेड काढली होती. २००९ मध्ये अण्णा गेले, शेड मोडली, सामान इकडेतिकडे गेले. एक टाकी तेवढी आमच्याकडे राहिली. जांभळीखाली आडवी पडलेली, हिरव्या रंगाची. मुले तिच्यावर घोडा घोडा खेळत मोठी झाली. अण्णांच्या टाकीने आमच्या पुतणीचे कपाट रंगावे, ही कल्पना आम्हाला इतकी गोड वाटली की एक नळी आणि दोन नट आणून आम्ही त्याच दिवशी जोडणीला बसलो.

सौ. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, बाळूला एकदा विचारा तरी.”

बाळू म्हणजे अण्णांचा थोरला मुलगा. उद्यमबागेत एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो; फार बोलत नाही. संध्याकाळी तो आला, टाकीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून बोटाच्या गाठीने तळाला टकटक केले आणि म्हणाला, “काका, ही नको.”

आम्हाला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. “अरे, तुझ्या वडिलांनी तेवीस वर्षे वापरली ती!”

“म्हणूनच,” बाळू म्हणाला. “तेवीस पावसाळे हिच्या पोटात पाणी साचलंय. बाहेरून रंग आहे, आतून काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही.”

हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात तर ते तांब्या तांब्याने निघते. ते रोज काढून टाकले नाही तर पत्रा आतून गंजत जातो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. एवढे बाळूने सांगितले. जे त्याला माहीत नव्हते ते आम्हाला माहीत होते. अण्णांच्या शेडमध्ये कचेरी सुटल्यावर हातभार लावायला आम्ही जात असू, आणि टाकीची खालची तोटी उघडून पाणी काढण्याचे काम अण्णांनी आमच्याकडेच दिले होते. “रोज, न चुकता,” असे त्यांनी सांगितले होते. आम्ही तेव्हा तिशीच्या आत होतो. सहाच्या खेळाची तिकिटे खिशात असत. “पाणी काढलंस?” “काढलं.” किती संध्याकाळी हे उत्तर खरे होते, ते आज सांगता येणार नाही, पुष्कळशा संध्याकाळी ते खोटे होते.

तरीही आम्ही हट्ट सोडला नाही. शेवटी बाळू म्हणाला, “पाण्याने तपासू. तग धरला तर जोडू.”

रविवारी त्याने हातपंप आणला. टाकी काठोकाठ पाण्याने भरली, वरच्या तोंडातून हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थांबला, मग तोंड बंद करून पंप मारू लागला. आठ किलोवर चालवायची टाकी दीडपट, म्हणजे बारा किलोपर्यंत टिकली पाहिजे. पाणीच का, असे आमच्या नातवाने विचारले, आणि ते बाळूने फार छान सांगितले. पाणी जवळजवळ दबतच नाही. टाकी कुठे उलली तर चार थेंब बाहेर येतात, दाब संपतो, खेळ खलास. हवा मात्र ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. भेग पडली की सगळी साठलेली शक्ती त्या भेगेतून बाहेर पडू पाहते आणि पत्रा कागदासारखा फाडून नेते.

काटा चारवर गेला, पाचवर गेला. सहावर आम्ही बाळूकडे विजयी नजरेने पाहिले. सातच्या थोडे अलीकडे तळाच्या वेल्डिंगजवळ हिरव्या रंगावर एक काळसर ओला डाग उमटला, रुपयाएवढा. मग त्यातून सुईसारखी बारीक धार उडाली आणि काटा एकदम शून्यावर आला. आमच्या पायावर पाणी पडले, तांबूस. एवढेच झाले. आवाजसुद्धा झाला नाही.

आमची जोडणी पुरी झाली असती तर आदल्या बुधवारी त्या टाकीत आम्ही आठ किलो हवा भरणार होतो. पडवीत. नातू शाळेतून आला की तिथेच, टाकीवर पाय सोडून बसतो.

त्या रात्री आम्ही बाळूला ती तोटीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबांना ठाऊक असणार, काका. तुम्ही गेल्यावर ते स्वतः जाऊन बघायचे. पण त्यांनाही रोज जमत नसणार.” हे खरे होते की आमच्या समाधानासाठी रचलेले, ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

नवी टाकी पुढच्या आठवड्यात आली. तिच्या अंगावर धातूची पट्टी आहे: चालवण्याचा दाब दहा किलो, तपासणीचा पंधरा. असली पट्टी नसलेली टाकी, मग ती कितीही स्वस्त असो, घरात आणू नये. घरगुती गॅसचे किंवा आणखी कसले जुने सिलिंडर कापून जोडून तर नाहीच नाही. जोडणी बाळूने केली, आम्ही पाने पुरवत होतो. मोटारीचा प्लग काढला, जुन्या टाकीतली सगळी हवा सोडून दिली आणि मगच पान्याला हात लावला. कॉम्प्रेसरच्या टाकीला बूच मारलेले एक जादा तोंड होते. तिथून, म्हणजे दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरच्या अलीकडून, त्याने नळी काढली. रेग्युलेटरच्या पलीकडून काढली असती तर नवी टाकी तीन-चार किलोच्या वर कधी भरलीच नसती आणि सगळा खटाटोप वाया गेला असता. नळी जाळीची, लवचीक, दाबाचा आकडा छापलेली. कारण कॉम्प्रेसर थरथरतो, आणि ताठ पाइप थरथरीने सांध्यात तडकतो. नळाच्या कामाचा प्लास्टिकचा पाइप आम्ही सुचवला होता. बाळूने नुसते पाहिले. तो हवेच्या दाबाने फुटला तर काचेसारखे तुकडे उडतात म्हणे. मध्ये एक बॉल व्हॉल्व्ह, आणि नव्या टाकीला तिचा स्वतःचा काटा, नऊ किलोला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह, तळाला तोटी. गनची नळी आता दुसऱ्या टाकीवरून निघते. तिथपर्यंत हवा निवते, बरेचसे पाणी तिथेच राहते आणि रंगात थेंब येत नाही, हा फायदा वरकड.

पहिली टाकी आठ किलोपर्यंत भरून मधला व्हॉल्व्ह हळूच उघडला तर काटा घसरत अडीचच्या किंचित वर येऊन थांबला. आम्हाला वाटले, कुठे गळती आहे. गळती कसली! पन्नास लिटरमधली हवा दीडशे लिटरांत पसरली, तर दाब तिसरा हिस्साच उरणार. दुसरी टाकी हवा निर्माण करीत नाही, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिले. मोटार तेवढीच, तिची कमाई तेवढीच. मिळते ती फक्त शिल्लक. ती भरायलाही तिप्पट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ मोटार सलग तापत राहते. म्हणून एक दार झाले की आम्ही चहा घेतो, मोटारीला हात लावून पाहतो, मग दुसरे दार.

कपाट लग्नाच्या चार दिवस आधी तयार झाले. डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात अजून दोन थेंब आहेत. पुतणीने ते पाहिले नाहीत, किंवा पाहून बोलली नाही.

अण्णांची टाकी भंगारवाल्याने वजनावर नेली. काटा काढून ठेवला आहे, पितळी आहे. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी आम्ही पडवीत जातो आणि दोन्ही टाक्यांच्या तोट्या उघडतो. जुलैत वाटीभर पाणी निघते, मार्चमध्ये नुसती फुस्स. आतून सौ. विचारतात, “पाणी काढलंत?”

“काढलं,” आम्ही सांगतो.