टोचतंय म्हणजे टोचतंय!

नवीन टी-शर्टच्या मानेशी टोचणारं लेबल तुम्ही कात्रीने कापून टाकता ना? शेजारच्या क्यूबिकलमधला कुणी पेन टिकटिक करत बसला की तुमचं डोकं सटकतं ना? वेलकम टू द क्लब! पण तुम्ही हेडफोन लावता, कॉफी मशीनकडे एक चक्कर मारता आणि पाच मिनिटांत नॉर्मलला येता. आता इमॅजिन करा, हे असं दिवसभर, प्रत्येक गोष्टीचं होतंय आणि तुमचं वय आहे फक्त साडेपाच.

माझा भाचा सिंदी (रेल्वे)ला राहतो. हो, कंसातली रेल्वे नावातच आहे. वर्ध्याला लागून आणखी एक सिंदी (मेघे) आहे, त्यामुळे कंसाशिवाय इथे कुणाचं पत्रही पोहोचायचं नाही. नागपूर-वर्धा लाइनवरचं हे गाव. मुंबईच्या गाड्या, चेन्नईच्या गाड्या, न संपणाऱ्या मालगाड्या, सगळं पब्लिक इथूनच धडधडत जातं. गावाला इतकी सवय झालीये की हॉर्न कुणाच्या कानातच शिरत नाही. आमच्या छोट्या साहेबांना मात्र प्रत्येक हॉर्न पहिलाच. दोन्ही हात कानावर आणि स्वारी थेट पलंगाखाली.

एवढंच असतं तर ठीक होतं. केस कापायचे म्हणजे युद्ध. नखं कापायची तर झोपेत. वरण भातावर चालत नाही, वेगळ्या वाटीत हवं. गालाला हळूच हात लावला तर किंचाळतो, पण करकचून मिठी मारली की खूश. ताईच्या सासूबाईंचं निदान तयार होतं, "लाडावून ठेवलं पोट्ट्याले, दुसरं काई नाई." शेजारच्या काकूंना बाहेरचं काहीतरी वाटत होतं. आधी कानाची तपासणी झाली, नॉर्मल निघाली. मग नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं, ऑटिझम नाही म्हणाले आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. भाऊजींचा पहिला प्रश्न, "ऑक्युपेशनल? पण तो तर अजून केजीत आहे!"

इथे ऑक्युपेशन म्हणजे नोकरी नाही. खाणं, कपडे घालणं, खेळणं, शाळेत बसणं हेच मुलाचं कामकाज. आणि हा विषय आपल्याकडे कालपरवा आलेला नाही बरं का. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून निंबकरांच्या घरात आलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

भाच्याच्या थेरपीमागचा फंडा मात्र जीन आयर्स या अमेरिकन थेरपिस्टबाईंचा. त्यांचं सेन्सरी इंटिग्रेशनवरचं पुस्तक १९७२चं. त्यांचं म्हणणं असं, की ज्ञानेंद्रियं पाच हे आपण शाळेत घोकलं, पण तोल सांभाळणारं कानाच्या आतलं यंत्र आणि आपले हातपाय कुठे आहेत हे सांगणारे स्नायू-सांध्यांतले सिग्नलही तितकेच महत्त्वाचे. हे सगळे सिग्नल मेंदूत नीट जुळवले गेले, तर माणूस शांतपणे जेवतो, खेळतो, शिकतो. काहींच्या मेंदूत काही सिग्नल लाउडस्पीकर लावून येतात, तर काही येतच नाहीत. मग झोके, चढणं, ढकलणं, ओढणं अशा खेळांतून ती जुळवाजुळव करायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पैसे देऊन पोराला झोपाळ्यावर बसवलंय!

पत्रकार असल्यामुळे मी घरी आल्याआल्या वाचायला बसले आणि जरा गारच पडले. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, की सेन्सरी प्रोसेसिंग डिसॉर्डर हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नका. २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या जाडजूड यादीतही ते वेगळं आलं नाही, ऑटिझमच्या लक्षणांत मात्र संवेदनांचा त्रास आला. ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांपेक्षा या थेरपीने वागण्यात ठळक फरक पडलेला दिसला नाही. दुसरीकडे, ठरवलेली छोटी छोटी उद्दिष्टं मुलं गाठतात असं दाखवणारे लहान अभ्यासही आहेत.

मी दोन्ही बाजू ताईला सांगितल्या. कारण प्रश्न झोपाळ्याचा नव्हता, तिच्या नोकरीचा होता. आठवड्यातून दोनदा नागपूर म्हणजे पाऊण तासाच्या सेशनसाठी अर्धा दिवस. ताई वर्ध्याला बँकेत आहे. घरात एकमताने ठराव झाला होता की तिने नोकरी सोडावी. (भाऊजींनी शेती सोडावी असा ठराव कुणी मांडला नाही, नोट करा.) ताईने थेरपिस्ट मॅडमना सरळ विचारलं, "मॅडम, गॅरंटी आहे का?" त्या म्हणाल्या, "नाही. तीन महिन्यांची तीन उद्दिष्टं लिहू. नाही जमली तर प्लॅन बदलू." मला ही बाई तिथेच आवडली. गॅरंटी देणाऱ्यांपासून पळा, असं मी तर म्हणेन.

ठरलं असं: नागपूर आठवड्यातून एकदा, शनिवारी, भाऊजी नेणार. बाकी होम प्रोग्रॅम. आणि इथे सिंदीने नागपूरला चक्क हरवलं! सेंटरमध्ये प्लास्टिकच्या बॉल्सचा हौद आहे, तर इथे घरात कापसाची गंजी. भाऊजी एक्साइट झाले. पण घरात साठवलेल्या कापसात लोळलं की अंगभर खाज सुटते हे अख्ख्या विदर्भाला माहीत आहे. ज्याला लेबल टोचतं त्याला कापूस? ती आयडिया बारगळली. मग भरलेली पोती ढकलणं, सासूबाईंसोबत कणीक तिंबणं, निंबाच्या झाडाला दोराचा झोका. सासूबाई पहिले आठ दिवस नाक मुरडत होत्या. आता त्या स्वतःच हाक मारतात, "ये रे, तिंबाले!" केस कापण्याआधी डोकं घट्ट दाबायचं आणि कात्री त्याच्याच हातात देऊन आधी कागद कापू द्यायचा. तिसऱ्या महिन्यात केस कापले गेले. रडला, पण खुर्चीतून पळाला नाही. हे थेरपीमुळे, की वय वाढल्यामुळे, की घरातल्या लोकांनी ओरडणं थांबवल्यामुळे? ताई म्हणते, "तिन्ही असंल. मला कुठे पेपर लिहायचाय?"

तुमच्या ओळखीत असं पोर असेल आणि नागपूर-पुणे परवडत नसेल, तर एक टिप. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांमधल्या मुलांची तपासणी होते. विकासातला उशीर हा त्यातला एक भाग आहे आणि पुढची तपासणी मोफत असते. त्या टीमला विचारा. बाहेरचं बघणाऱ्याकडे नंतरही जाता येतं.

सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे मोठं प्रकरण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचे सजवलेले लाकडी बैल ओढत निघतात, बैल कधी कधी पोरापेक्षा मोठा असतो. डफ-ताशे, गर्दी, भोंगे. मागच्या वर्षी साहेब दिवसभर पलंगाखाली होते. या वर्षी ताईने मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, जड बैल ओढणं तर त्याला हवंच आहे, गर्दीच्या आधी निघा. भाऊजींनी कारखान्यातले कामगार लावतात तसले कानावरचे मफ आणले. दुपारी तीनला, गल्ली रिकामी असताना, हा आपला बैल ओढत अकरा घरं फिरला. पहिला ताशा वाजला तसा घरात पळाला, पण बैल बाहेर सोडून नाही, आत ओढत घेऊन. बोजाऱ्याच्या नोटा त्याने खिशात ठेवल्या. नाणी मात्र आजीला परत दिली, हाताला थंड लागतात म्हणाला.