सव्वा महिना आणि त्यानंतरचं

आमच्या बीदर-कलबुर्गीकडं बाळंतिणीला तीन भाषांत ओळखतात. दवाखान्यात नर्सबाई कानडीत 'बाणंती' म्हणतात, घरी आई 'बाळातीण' म्हणते आणि शेजारच्या खाला दख्खनीत 'जचकी हुई' म्हणतात. भाषा तीन, पण सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: लेकरू कसं हाय?

आज लिहायलेय ते लेकराबद्दल नाही, लेकराच्या आईबद्दल. आपल्याकडं हे कुणी उघड बोलत नाही, म्हणून लिहायलेय.

माझं माहेर भालकी तालुक्यात, सासर आळंद तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच. 2014 च्या एप्रिलात सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. जाताना 'तायी कार्ड' नेलं होतं. कानडीत तायी म्हणजे आई, पण आमच्या गावच्या बाया त्याला खुशाल 'ताईचं कार्ड' म्हणतात. येताना 'मडिलू'ची पिशवी मिळाली. त्यात मच्छरदाणी, चादर, साबण, बाळाचे कपडे असं सामान. मडिलू म्हणजे मांडी. आपण ओटी भरणं म्हणतो, तशी ही सरकारनं भरलेली ओटी.

टाके पडले होते. निघताना नर्सबाईंनी बजावलं, "नीरु जास्ती कुडीरी." पाणी भरपूर प्या. आईला कानडी चांगलं कळतं, हे पण कळलं. तरी घरी आल्यावर तिनं सांगितलं, "पाणी पिऊ नको माय, टाके पिकतेत, पोट सुटतंय." तिला तिच्या आईनं तसंच सांगितलं होतं.

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. आत खिडकीला गोधडी, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यावर ओवा-शेपाची धुरी. कानात कापूस, डोक्याला घट्ट रुमाल. दिवसातून तीनदा अर्धा पेला कोमट पाणी. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मऊ भात आणि वर लोहाच्या गोळ्या. या गोळ्यांनी पोट आधीच कडक होतं, त्यात पाणी नाही. टाक्यांवर जोर देऊन बसायचं म्हणजे काय, ते ज्या बाईनं भोगलंय तिलाच ठाऊक. घरात संडास नव्हता. पहाटे चारला, उजाडायच्या आत, आईचा खांदा धरून टमरेल घेऊन जायचं. परत येताना पायावरून रक्त ओघळायचं. मी आईला सांगितलं नाही, आणि आईनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी दूध उतरलं आणि छाती दगडासारखी झाली. ताप चढला. लेकराच्या तोंडात काही येईना, ते रडायचं आणि मी पण. खाला आल्या. कोमट पाण्यात फडकं पिळून शेकलं, हातानं हळूहळू दूध काढून दाखवलं. काम झाल्यावर बाजेवर टेकून म्हणाल्या, "बच्ची अच्छी है, सब बोले. तू कैसी है, बोल." त्या दिवसांत हे विचारणाऱ्या त्या एकट्याच.

मला काही बोलता आलं नाही. दिवेलागणीला गळा भरून यायचा. पुढं पुढं रडू पण येईना. लेक रडली तरी उचलावंसं वाटायचं नाही. रात्री ती झोपली तरी माझा डोळा लागायचा नाही. आत्याबाई भेटायला आल्या, माझं तोंड बघून म्हणाल्या, "बाहेरचं लागलंय." लिंबू उतरवून झालं. आशाताई ठरल्या दिवशी यायच्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. लेकराला झोळीत घालून काट्यावर तोलायच्या, वजन वाढलं की सगळं घर खूश. माझ्या मनाचं वजन कशावर करायचं?

आता वाचून कळतं की बाळंतपणानंतर अंगातले हार्मोन्स एकदम उतरतात. पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बऱ्याच जणींना होतं, आणि ते आपोआप ओसरतं. त्यापुढंही तसंच राहिलं तर तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. हे ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची एक साधी यादी एडिंबरा शहराच्या नावानं 1987 पासून जगभर वापरतात. आमच्या वाड्यापर्यंत ती आली नव्हती.

माझं उतरलं ते आईमुळं. दीड महिन्यानंतर एका रात्री तिनं काही न बोलता लेकीला पाजून झाल्यावर स्वतःच्या अंथरुणात घेतलं. मी सलग चार तास झोपले. मग रोजच तसं करायला लागली. खिडकीची गोधडी पण तिनंच काढली. अडीच-तीन महिन्यांनी एक दिवस लेकीच्या जावळाचा वास घेताना बरं वाटलं. तेव्हा कळलं की आपण परत आलो.

शेक, धुरी, लाडू यांना मी नावं ठेवत नाही. त्या हातांत माया होती. पण पाणी तोडू नका. एका तासात घडी पूर्ण भिजत असेल, ताप येत असेल, जाणाऱ्याला घाण वास येत असेल, तर सव्वा महिना पुरा व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा. जिवाचं किंवा लेकराचं बरंवाईट करावं असं मनात आलं तर त्याच दिवशी. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर 2022 पासून आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोला की कानडीत.

आणि बाळंतविडा घेऊन जाल तेव्हा लेकराच्या हातावर पैसे ठेवायच्या आधी दोन मिनिटं बाजेवर बसा. खोलीत कुणी नसताना तिला विचारा, कशी हायेस. उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.