हिमालयाची फटफटी

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मनुष्याच्या डोक्यांत एखादें खूळ शिरलें कीं तें सहजासहजीं निघत नाहीं. आमचें खूळ फटफटीचें होतें. आणि तीही साधीसुधी नव्हे, तर डोंगरवाटांसाठीं बांधलेली रॉयल एनफील्डची ‘हिमालयन’! २०१६ सालीं ती बाजारांत आली, तेव्हांपासून आमचा तिच्यावर डोळा होता. नवी परवडत नव्हती, म्हणून कोणाची वापरलेली घ्यावी असें ठरविलें.

वास्तविक आमची नित्याची धांव किती? दहिवलीहून कर्जतचा बाजार, आणि नोकरीसाठीं खोपोली. ज्या माथेरानच्या छायेंत आम्ही राहतों, तेथें खाजगी मोटारींना आणि फटफट्यांना मज्जाव. दस्तुरी नाक्यावर उतरावें लागतें. खालापुरावरून गेलेला मुंबई-पुणें द्रुतगती मार्गही दुचाकींना बंद. डोंगर गेला, सरळ रस्ता गेला. उरले ते पावसाळ्यांतील खड्डे आणि रिक्षांची दाटी!

खोपोलीच्या एका तरुणाकडे गाडी होती. आमच्या मिस्त्रीनें पढवून पाठविलें होतें: सुरू करण्यापूर्वीं इंजिनाला हात लावा, तें आधींच ऊन असेल, तर थंडपणीं सुरू होण्याची खोड लपविली असावी. पुढचें चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर अडखळलें तर बेअरिंग गेलें. चाकांच्या कडा चांचपून पोचा शोधा. चॅसिसचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडा, आणि कर्जाचा बोजा उतरला आहे ना, तें पाहा. आम्हीं सारें पाहिलें.

मग विकण्याचें कारण विचारलें. आंतून तान्ह्या मुलाचें रडणें ऐकूं आलें. “लडाखला जायचं होतं, काका. आता तुम्ही तरी जा,” तो म्हणाला. हँडलाला बांधलेल्या रंगीत पताका त्यानें सोडल्या नाहींत. भाव पाडण्यासाठीं पाठ केलेलीं वाक्यें आमच्या घशांतच राहिलीं.

२९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरून गाडी आमच्या नांवें झाली. चालतांना ती सुरेख. जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच असलेलें तिचें पोट खड्ड्यांना जुमानीत नाहीं. पण थांबली कीं सुमारें १९० किलोंचा भार आणि ८०० मिलिमीटर उंचीची बैठक आमच्या आंखूड पायांची परीक्षा घेते. पहिल्याच पावसांत बाजारांत वळतांना पाय घसरला, आणि गाडी म्हशीसारखी सावकाश आडवी झाली. एक भाजीवाल्या मावशी आणि दोन शाळकरी मुलें यांनीं ती उभी करविली. “दादा, एवढं मोठं जनावर कशाला पाळलंत?” मावशींनीं विचारलें. घरीं सौभाग्यवतींनीं “अहो, लागलं नाही ना?” एवढेंच विचारलें; त्याचीच अधिक लाज वाटली.

म्हणून वाचकांस एकच सांगणें: अशी गाडी घेणार असाल, तर पैसे मोजण्यापूर्वीं इंजिन बंद ठेवून ती दहा पावलें ढकलून पाहावी. आम्हीं तेवढेंच केलें नव्हतें.

गेल्या रविवारीं त्या तरुणाला बोलावून किल्ली हातीं दिली. तो पळसदरीपर्यंत जाऊन आला. कांहींच बोलला नाहीं. सैल झालेल्या पताकांची गांठ मात्र त्यानें पुन्हां घट्ट बांधली. गाडी कागदोपत्रीं आमची आहे. तिच्यावरचें लडाख अजून त्याचेंच आहे. पुढच्या रविवारींही ये, असें आम्हीं त्याला सांगितलें आहे.