सूर्यास्ताचे वेळापत्रक



आमचे दुकान एटापल्लीत आहे. सूरजागडच्या पहाडातील लोहखनिज घेऊन निघालेले ट्रक आमच्या भागातील रस्त्यांवरून जातात आणि त्यांची तांबडी धूळ किराणा मालावरून दिवसातून दोनदा झटकावी लागते. माडिया बांधव ज्या पहाडावर ठाकुरदेवाला पूजतात, त्याच पहाडाच्या पोटात हे लोखंड आहे. आमचे कैलासवासी वडील या धुळीकडे बोट दाखवून एक गोष्ट नेहमी सांगत. दंडकारण्याच्या पलीकडच्या अंगाला, बस्तरमधील बैलाडिल्याचे लोखंड १९६० च्या दशकापासून विशाखापट्टणम बंदरातून जपानला जाऊ लागले. त्यासाठी डोंगर फोडून किरंदुलपर्यंत रेल्वेही टाकली गेली. वडील म्हणत, "आपल्या अरण्यातले लोखंड तिकडे जाऊन वाऱ्यासारखी गाडी होऊन पळते. एकदा त्या गाडीत बसून यावे." दुकान सोडून ते नागपूरच्या पुढे फारसे कधी गेले नाहीत. ती इच्छा आईच्या मनात राहिली.

गेल्या वर्षी आईला एकाहत्तरावे लागले. नागपुरात शिकणाऱ्या आमच्या कन्येने आजीची इच्छा मनावर घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत जपानच्या प्रवासाचा एक आराखडा करून माझ्या पुढ्यात ठेवला. जाणारे तिघे: आई, आमच्या सौभाग्यवती आणि मी. दुकान धाकट्या भावाकडे. खर्चाची मर्यादा मी आधीच घातली होती: तिघांचे मिळून चार लाख रुपये, त्यावर एक पैसाही नाही.

आराखडा देखणा होता. मार्चअखेर चेरीचा बहर, टोकियोहून स्वस्त विमानाने उत्तरेकडील साप्पोरो, तेथून परत येऊन क्योतो आणि हिरोशिमा, आणि या सर्वांसाठी सात दिवसांचा राष्ट्रीय रेल्वे पास. मी तो आईला वाचून दाखविला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तिकडे सूर्य केव्हा मावळतो?"

आईने चाळीस वर्षांपूर्वी रात्रिभोजनाचा त्याग केला आहे. कंदमुळे तर तिच्या स्वयंपाकघराने कधी पाहिलीच नाहीत. आमच्यापाशी तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, कारण आराखड्यात गाड्यांच्या वेळा होत्या, सूर्याची नव्हती. आमचा चेहरा पाहून ती म्हणाली, "अरे, तुम्ही दोघे जाऊन या. माझ्यामुळे तुमची आबाळ कशाला?" ती रागावून बोलली असती तर मला सोसले असते. तिने ते मनापासून म्हटले, म्हणून त्या रात्री झोप लागली नाही. ज्या इच्छेसाठी हा प्रवास ठरला, तिची धनीणच घरी राहणार असेल तर जाऊन काय करायचे?

दुसऱ्या दिवशी मी दुकानातील कोरी वही काढली. व्यापाऱ्याला एक गोष्ट लहानपणीच शिकवली जाते. मालाचा भाव म्हणजे बिलावरचा आकडा नव्हे. भाडे, हमाली, तूट धरून माल आपल्या उंबऱ्याच्या आत येईपर्यंत जे पडते तो खरा भाव. प्रवासालाही हीच कसोटी लावायची असे ठरविले. वहीत चार रकाने आखले: भाडे, वेळ, सामान आणि सूर्यास्त.

पहिला निर्णय ऋतूचा झाला. चेरीच्या दिवसांत सारे जग तिकडे लोटते आणि खोल्यांचे भाव चढतात. नोव्हेंबरअखेर क्योतोची पानगळ सुंदर असते. पण तेव्हाही गर्दी तितकीच, आणि सूर्य टोकियोत साडेचारच्या सुमारास, क्योतोत पावणेपाचला मावळतो. शिवाय ते आमच्याकडे धानाच्या कापणीचे, म्हणजे दुकानाच्या हंगामाचे दिवस. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात मात्र थंडी असली तरी खोल्या स्वस्त मिळतात आणि क्योतोचा सूर्य साडेपाच उलटल्यावर मावळतो. धानाचा हंगाम सरलेला असतो आणि मोहफुलांचा सुरू व्हायचा असतो. चेरी फुललेली नसते, परंतु प्लमची झाडे फुलतात. क्योतोच्या कितानो तेन्मांगू मंदिरात २५ फेब्रुवारीला त्या फुलांचा उत्सवच असतो. एका ऋतुबदलाने पैसा वाचला आणि आईच्या पदरात जवळजवळ एक तास पडला.

दुसरा निर्णय पासचा. जपानचा राष्ट्रीय रेल्वे पास ही एकेकाळी खरोखरच स्वस्ताई होती. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनला मिळे. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० येन झाला, पण त्याची जुनी कीर्ती अजून ओसरलेली नाही. आम्ही सुटे हिशेब मांडले. टोकियो ते क्योतो बुलेट गाडीचे एकेरी तिकीट सुमारे १४,००० येन. त्यापुढे ओसाका, कोबे, हिमेजी, हिरोशिमा आणि कान्साई विमानतळ एवढ्याच भागासाठी पाच दिवसांचा प्रादेशिक पास १७,००० येनला होता. एकूण ३१,०००. माणशी १९,००० येन वाचले. तिघांचे ५७,०००, म्हणजे आपले तेहतीस-चौतीस हजार रुपये. अट एकच: टोकियोला उतरायचे आणि ओसाकाहून परतायचे, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरण्याचे भाडे पडत नाही. म्हणून बल्लारशाहहून रेल्वेने चेन्नई, चेन्नईहून क्वालालंपूरमार्गे टोकियो, आणि परतीला ओसाकाहून त्याच मार्गाने चेन्नई अशी तिकिटे काढली.

तिसरा निर्णय साप्पोरोच्या विमानाचा. तिकीट स्वस्त होते हे खरे. परंतु नारिता विमानतळ टोकियोच्या मध्यभागापासून सुमारे साठ किलोमीटर दूर. तेथवरचे भाडे वेगळे, उतरल्यावर शहरापर्यंतचे वेगळे. हातातील सामानाला सात किलोची मर्यादा, आणि आमची खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाची डाळ, भाजलेला रवा यांची पिशवीच चौदा किलोंची. बिलावरचा भाव आणि उंबऱ्यातला भाव यांत इतके अंतर पडले, की कन्येने स्वतःच त्या ओळीवर काट मारली.

सामानाबाबत दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. ताजी फळे व भाज्या भारतातून तिकडे नेता येत नाहीत. आणि तिकडे विजेचा दाब १०० व्होल्ट असतो. आपला २३० व्होल्टचा कुकर तेथे जेमतेम पाचव्या हिश्श्याने तापतो. आम्ही तो न नेता लहानसे स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या. हॉटेलच्या खोलीपेक्षा भाडे थोडे अधिक पडले. पण तिघांच्या दोन वेळच्या जेवणाचा खर्च त्यातच निघाला.

सूर्यास्ताच्या रकान्याने मात्र सर्वांत मोठी गाठ सोडविली. बुलेट गाडीत आपल्या आसनावर बसून डबा खाणे ही तेथील रूढ रीत आहे. शहरांतल्या लोकल गाड्यांत तसे करीत नाहीत. तेव्हा लांबचा प्रवास दुपारी अडीचच्या सुमारास सुरू करायचा, चारला गाडीतच जेवायचे आणि दिवेलागणीला खोलीवर पोहोचायचे. सकाळ आणि भर दुपार पाहण्यासाठी मोकळी राहते. गाडीत उजवीकडची आसने घेतली, कारण टोकियोहून निघाल्यावर फुजी पर्वत त्या बाजूला दिसतो.

वही आईपुढे ठेवली तेव्हा तिने चष्मा लावून चौथा रकाना बोटाने वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "मग ठेपले मीच करीन."

सारेच हिशेबाप्रमाणे घडले असे नाही. क्योतोत एका भोजनालयाने पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगितले; आमटीसारखा तो पदार्थ पुढे आल्यावर कळले, की त्यात मांसाचा तुकडा नाही, पण रस माशाचा आहे. 'दाशी' नावाचा तो रस तेथील असंख्य पदार्थांत असतो. बौद्ध मठांतील 'शोजिन' भोजनात मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. पण मुळा आणि कमळाचे कंद असतात. आईने ताट नमस्कार करून बाजूला सारले. खोलीवर परतेपर्यंत सूर्य मावळला होता. तिने त्या रात्री पाणीही घेतले नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मी डब्याशिवाय बाहेर पडलो नाही.

कोबे शहरात कितानो भागाच्या चढावर भगवान महावीरांचे पांढऱ्या संगमरवराचे मंदिर आहे. व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या भारतीय जैन कुटुंबांनी ते १९८५ मध्ये उभारले. श्वेतांबर आम्नायाचे असले तरी परक्या देशात आपल्या देवाच्या दारी उभे राहताना आईला तो भेद आठवला नाही. व्यापाराला परदेशी गेलेल्या माणसांनी आधी पोटाची आणि मग देवाची सोय लावली, हे पाहून माझ्यातला दुकानदार संकोचला. आमचे प्रश्न तर दहा दिवसांचे होते.

परंतु मला राहून राहून आठवते ती टोकियोहून निघालेली दुपार. फुजी ढगाआडून क्षणभर दिसला आणि गेला. चार वाजता आईने डबा उघडला, आम्हा दोघांना ठेपला दिला आणि गाडीच्या भिंतीवर तळहात टेकवून थोडा वेळ तशीच बसली. या गाडीत आपल्याकडचे लोखंड आहे की नाही, कोण सांगणार? तिने विचारले नाही, मीही काही बोललो नाही. क्योतोला उतरलो तेव्हा बाहेर अजून ऊन होते.

घरी येऊन वही मिटवली तेव्हा खर्च तीन लाख एकोणनव्वद हजार झाला होता. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांचे नियम प्रवासाच्या आड येतात असे आपण पुष्कळदा गृहीत धरतो आणि त्यांना प्रेमाने घरीच ठेवतो. तिकीट काढण्यापूर्वी एक रकाना त्यांच्यासाठी आखून पाहावा. आमचा अनुभव असा, की त्या रकान्यानेच बाकीचे तीन सरळ केले.