रोजचें आणि सणाचें

सणाच्या स्वयंपाकावर लिहिणारांची आपल्याकडे वाण नाहीं. पुरणपोळीवर आणि अनारशांवर लेख लिहिले जातात, फराळाच्या ताटाचीं छायाचित्रें छापलीं जातात, आणि बुधवारच्या दोडक्याच्या भाजीविषयीं मात्र कोणी अवाक्षर काढीत नाहीं. ह्याचें आम्हांला नवल वाटत नाहीं. दोडक्याविषयीं बोलण्यासारखें फारसें कांहीं नसतेंच. पण पंचवीस वर्षें एका घरचें स्वयंपाकघर सांभाळल्यावर आमचें असें मत झालें आहे कीं, गृहिणीला थकवितो तो सण नव्हे, बुधवार.

हें वाचून आमच्या कांहीं मैत्रिणी रागावतील. दिवाळीआधींचे आठ दिवस त्यांना आठवतील : भाजणी दळून आणणें, सोऱ्या दाबून दाबून दुखणारे तळहात, शेवटच्या घाण्यापर्यंत कढईसमोर उभें राहून आंबलेले पाय. हे श्रम खरे आहेत. परंतु ते हातापायांचे आहेत. नरकचतुर्दशीला फराळाचें काय मांडावें, असा प्रश्न कोणत्याही घरांत पडत नाहीं. रूढीनें तो कधींच सोडवून ठेविला आहे. संक्रांतीला गुळाची पोळी, होळीला पुरणाची, गणपति आले कीं मोदक. इतकेंच काय, चंपाषष्ठीला वांग्याचें भरीत करावें हेंही ठरलेलें. सणाच्या दिवशीं गृहिणी राबते, पण तिला ठरवावें लागत नाहीं. रोजच्या स्वयंपाकाला श्रम थोडे; पण त्याला रोज नवा निर्णय लागतो, आणि तो एकटीनें घ्यावा लागतो.

रात्रीं ओटा पुसतांनाच हा निर्णय डोक्यांत घोळूं लागतो. मटकी आतां भिजत घातली तरी ती उद्यां नव्हे, परवां मोडावणार. फ्रिजमध्यें अर्धा कोबी आहे. पालक उद्यां वापरला नाहीं तर टाकावा लागेल. मामंजींना मधुमेह, म्हणून बटाटा आणि भात एका जेवणांत नकोत. सासूबाईंचा रक्तदाब वाढलेला. प्रौढ माणसानें दिवसाकांठीं ५ ग्रॅमपेक्षां कमी मीठ खावें असें जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पापड व लोणचें ताटांत आलें कीं त्यांतला बराच वाटा तेथेंच संपतो. चिरंजीवांच्या डब्यांतली भाजी पातळ असून चालत नाहीं, कारण ती दप्तरांत सांडते. कन्येच्या घशाखालीं कोरडी उतरत नाहीं. ह्या सर्व अटींत बसणारी एखादी भाजी सांपडते, ती बहुधा घरांत नसते.

ह्या कामीं पुस्तकांचाही उपयोग बेताचाच. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं निघालें, कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्यें. वाटी-चमच्याचीं मापें देऊन ‘रुचिरे’नें नव्या संसारांतल्या मुलींवर केवढे उपकार केले, हें आमच्या पिढीला सांगावयास नको, आमच्या प्रतीचीं कांहीं पानें तेलानें पारदर्शक झालीं आहेत. पण पदार्थ कसा करावा हें पुस्तक सांगतें. आमच्या घरीं आज अर्धा कोबी उरला आहे, हें त्याला कोण सांगणार?

ह्याच्या अगदीं उलट नानकटाईचा दिवस. आमच्या घरच्या फराळांत ती असतेच, आणि ती तळावयाची नसून भाजावयाची असल्यामुळें तिचा थाट निराळा. प्रमाण सासूबाईंचें : तूप एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, मैदा दोन वाट्या, वर मूठभर बेसन आणि थोडा रवा, वेलदोड्याची पूड, जायफळ, चिमूटभर सोडा. सारी खुबी तूप फेटण्यांत आहे. थिजलेलें तूप आणि साखर परातींत घेऊन तळहातानें गोल गोल फेटीत राहावयाचें. हळूहळू पिवळें तूप पांढरें होतें, हलकें होतें, त्यांत हवा शिरते. तें पुरेसें झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सासूबाई त्याचा थेंब पाण्याच्या वाटींत टाकतात; बुडाला तर आणखी फेटावयाचें, तरंगला तर मैदा घालावयाचा. नुसतें तूप पाण्यावर तरंगतेंच. साखरेच्या भारानें तें बुडतें आणि हवेच्या बळावर पुन्हा वर येतें. सासूबाई सातवीपुढें शिकल्या नाहींत, पण ही परीक्षा त्यांनीं कधीं चुकविल्याचें आम्हांला स्मरत नाहीं.

आतां हें तूप येतें कोठून? तें येतें रोजच्या दुधावरच्या सायींतून. साय काढावी, विरजावी, आठवड्यानें घुसळावी, लोणी कढवावें आणि श्रावणापासून एक बरणी नानकटाईसाठीं निराळी ठेवावी, अशी आमच्या घरची रीत. दोन वर्षांपूर्वीं मामंजींच्या रक्तांतली चरबी वाढली आणि डॉक्टरांनीं घरचें दूध बदलावयास सांगितलें. फुल क्रीम दुधांत स्निग्धांश शेंकडा ६, टोन्ड दुधांत ३. साय निम्म्यावर आली आणि दसऱ्याला बरणी अर्धीच भरली. मग विचार पडला कीं, उरलेल्या तुपाच्या जागीं वनस्पति वापरावें काय? डालडा १९३७ सालीं बाजारांत आला, आणि पुढें कित्येक घरांची नानकटाई त्याच्यावरच निघाली. त्यानें ती खुसखुशीत होते हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण असल्या तुपांतला ट्रान्स मेद हृदयाला घातक, म्हणून सरकारनें त्याची मर्यादा २०२१ मध्यें शेंकडा ३ वर आणि २०२२ मध्यें शेंकडा २ वर आणली. ज्या मामंजींसाठीं आम्हीं साय सोडली, त्यांच्याच घरांत वनस्पतीचा डबा आणणें आम्हांला रुचेना. आम्हीं नानकटाई निम्मीच केली. सासूबाईंनीं माळ्यावरून लहान डबा काढावयास सांगितला. “अग, मोठा डबा अर्धा रिकामा दिसतो,” त्या म्हणाल्या, “लहान कसा गच्च भरतो.” मामंजींना त्यांतली एक मिळाली. ती त्यांनीं चार घांसांत, चहाबरोबर, फार सावकाश खाल्ली.

पूर्वीं गिरगांवांत आम्ही नानकटाई भाजावयास गल्लीच्या टोंकाच्या बेकरींत नेत असूं. पाव निघाल्यावर भट्टीचा जोर उतरतो. विटांत मुरलेली ती उतरती आंच नानकटाईला मानवते. कडक आंचेंत तूप आधींच सुटून गोळा पसरतो आणि कडा करपतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत तेथें बायकांची रांग लागे. काळ्या पत्र्यांवर गोळे मांडावयाचे, कोपऱ्यांत नांवाची चिठ्ठी ठेवावयाची, आणि चिठ्ठी करपली तर चारोळीच्या खुणेवरून आपला पत्रा ओळखावयाचा. भट्टीवाला लांब दांड्यानें पत्रे आंत सारी, आणि आम्ही तास-दीड तास बाकावर बसून असूं. तेथें कोणी दिवाळीविषयीं बोलत नसे. बोलणें चाले तें डब्यांचें, पथ्यांचें, न खाणाऱ्या मुलांचें. दोडका किसून थालिपिठांत घालावा, ही युक्ति आम्हांला त्याच बाकावर मिळाली. शेजारच्या चाळींतली एक बाई महिन्याच्या भाज्या दिनदर्शिकेच्या पाठीवर लिहून ठेवी. तिची आम्हीं थोडी थट्टा केली आणि घरीं येऊन तेंच केलें.

त्या बेकरीनें घरगुती पत्रे घेणें पुढें बंद केलें. आतां तर भट्टीचेंच रूप पालटावयाचें आहे. लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या गॅस अथवा तत्सम स्वच्छ इंधनावर सहा महिन्यांत नेण्याविषयीं मुंबई उच्च न्यायालयानें २०२५ च्या आरंभीं निर्देश दिले. जुन्या चवीसाठीं हळहळणाऱ्यांत आम्ही नाहीं. आमच्या इमारतींतच दम्यानें बेजार झालेलीं दोन मुलें आहेत. शिवाय घरच्या विजेच्या ओव्हनमध्यें १६० अंशांवर वीसेक मिनिटांत नानकटाई चांगली भाजते. एका वेळीं बारा मावतात. तो बाक मात्र ओव्हनपुढें मांडतां येत नाहीं.

तयार फराळाविषयीं बोलतांना लोक उगाच गळा काढतात. सासूबाईंचा खांदा धरल्यापासून आमच्याकडे चकल्या विकत येतात, आणि त्या आमच्या चकल्यांहून कांटेरी असतात. चकली विकत मिळते. बुधवारचें ‘काय करावें’ विकत मिळत नाहीं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणींत असें आढळलें कीं, घरच्यांसाठीं बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाचीं सरासरी २८९ मिनिटें त्यांत जातात, आणि असें काम करणाऱ्या पुरुषांचीं ८८. ओट्यापाशीं उभें राहिल्याचा वेळ ह्यांत येतो. अंथरुणावर पडल्या पडल्या मटकीचा विचार केला, तो कोणत्या रकान्यांत घालावयाचा?

आमच्या यजमानांना कणीक मळतां येते, भाजी सुरेख चिरतां येते. चाकू हातांत घेऊन ते विचारतात, “काय चिरूं?” त्या ‘काय’चा भार जोंवर एकीकडेच आहे, तोंवर मदत म्हणजे आणखी एका माणसाला काम नेमून देण्याचें काम. म्हणून गेल्या दसऱ्यानंतर आम्हीं वार वाटून दिले. स्वयंपाक सगळ्यांनीं मिळून करावा. पण ज्याचा वार, त्यानें घरांत काय शिल्लक आहे तें पाहावें, दोघां वडील माणसांचें पथ्य लक्षांत घ्यावें, आणि आम्हांला विचारूं नये. सासूबाईंना हें प्रथम विचित्र वाटलें. “पोरांना विचारून का कधीं चूल पेटते?” असें त्या दोन दिवस म्हणत होत्या. यजमानांच्या शनिवारीं पिठलें-भाकरी ठरलेली. कन्येनें फ्रिजच्या दारावर उरल्यासुरल्या भाज्यांची यादी लावली आहे. अर्धा कोबी तींत सर्वांत वर असतो.

बुधवार चिरंजीवांनीं मागून घेतला. तेव्हांपासून दर बुधवारीं खिचडी होते. पहिल्या दिवशीं त्यानें तांदुळाच्या दुप्पट मुगाची डाळ घेतली. आजीनें हटकलें, तेव्हां म्हणाला, “आजोबांना भात कमी द्यायचा ना?” त्या दिवसापासून सासूबाईंनीं त्याच्या वाराला नांवें ठेवणें सोडलें आहे. ह्या बुधवारींही खिचडीच आहे. आजीला सबंध पापड द्यावा कीं अर्धा, ह्याविषयीं दोघांचीं बोलणीं अद्याप चालू आहेत.