बाबांच्या कॉम्प्युटरमधल्या ओव्या

बाबांचा कॉम्प्युटर भंगारवाल्याने तीनशे रुपयांना मागितला. दादा द्यायला तयार होता. कोरेगावातलं बाबांचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती, बाबांना जाऊन दोन. ‘झेरॉक्स, डीटीपी, लग्नपत्रिका’ अशी पाटी माळ्यावर पडून होती आणि तिच्या शेजारी पोत्यात गुंडाळलेला हा डबा.

आई म्हणाली, “अरे, त्यात आजीच्या ओव्या आहेत.”

आम्ही दोघंही गप्प झालो. दुकान बंद केल्यावर रात्री बाबा आजीला समोर बसवायचे. ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, ते टाइप करायचे. २००४ पासून दोन-तीन वर्षं हे चाललं. नंतर आजी गेली. काढलेली एकमेव प्रिंट वाळवीने खाल्ली. मी बारावीत असताना बाबांना ऐकवलं होतं, “हा फॉन्ट आता कुणी वापरत नाही. युनिकोड शिका.” ते म्हणाले होते, “हात बसलाय गं यावर.” मी हसले होते.

शाळेत ‘सॉफ्टवेअरचे प्रकार’ हे उत्तर मी पाठ केलं होतं. सिस्टीम, ॲप्लिकेशन, युटिलिटी; प्रत्येकी दोन उदाहरणं. त्या उत्तराचा खरा अर्थ मला माळ्याखालच्या त्या खोलीत कळला.

बटण दाबलं. पंखा घरघरला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, मेमरी मोजून झाली, की-बोर्ड सापडला. हे सगळं करणारा छोटा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या चिपमध्येच असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचं काम एवढंच, की यंत्र जागं करायचं आणि ताबा ऑपरेटिंग सिस्टीमकडे द्यायचा. पण द्यायला समोर कुणी नव्हतंच. ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही, अशी ओळ आली आणि कर्सर लुकलुकत राहिला.

ऑपरेटिंग सिस्टीम आपल्याला दिसत नाही, कारण आपण तिच्यावर उभे असतो. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचा गाभा आहे, पण तुम्ही ‘लिनक्स वापरतो’ असं कधी म्हणत नाही. मेमरी कुणाला किती द्यायची, फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे, कुठलं ॲप आत्ता थांबवायचं, हे ती बघते. प्रिंटर, कॅमेरा अशा प्रत्येक उपकरणाशी बोलायला तिला ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. हे सगळं सिस्टीम सॉफ्टवेअर. ते गेलं की फाइल डिस्कवर असूनही हाताला लागत नाही.

हार्ड डिस्क काढून केबलने माझ्या लॅपटॉपला लावली. विंडोजने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?

दादा म्हणाला, “हो म्हण की.”

मी त्याचा हात धरला. फॉरमॅट म्हणजे डिस्कवर नवी, कोरी अनुक्रमणिका लिहिणं. जुन्या पानांचा पत्ताच मग उरला नसता.

इथे युटिलिटी कामाला आली. युटिलिटी म्हणजे घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरसारखं सॉफ्टवेअर. रोज लागत नाही, पण लागतं तेव्हा दुसरं काही चालत नाही. बॅकअप घेणारी, व्हायरस शोधणारी, फाइली दाबून झिप करणारी, सगळी याच जातीची. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढली. मग टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम चालवला. तो फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचू शकतं. दिसायला अगदी रुक्ष, नुसती अक्षरं. हरवलेलं पार्टिशन शोधायला त्याने रात्रीचे अडीच वाजवले. मग फोल्डरची यादी उमटली. त्यात एक नाव होतं, ‘आई ओवी फायनल २’.

लिब्रेऑफिसमध्ये फाइल उघडली. लिब्रेऑफिस, वर्ड, एक्सेल, व्हॉट्सॲप ही ॲप्लिकेशन्स, म्हणजे माणसाचं एखादं ठरावीक काम करणारी सॉफ्टवेअर्स. ॲप्लिकेशनने त्याचं काम चोख केलं, पण पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं यांची खिचडी होती. आई मागे उभी होती. तिने विचारलं, “खराब झालं का गं?”

खराब नव्हतं झालं. बाबांच्या काळातल्या बऱ्याच मराठी फॉन्टमध्ये एक युक्ती असायची. कॉम्प्युटरला वाटायचं आपण रोमन अक्षर साठवतोय, फॉन्ट त्या जागी देवनागरीचा आकार काढायचा. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. तिथे ‘क’ हा कुठल्याही फोनवर ‘क’च असतो.

फॉन्ट जुन्या डिस्कवरच होता. तो बसवला आणि खिचडीतून आजी दिसायला लागली. आईने पदर डोळ्यांना लावला.

आता या ओव्या आत्याला पाठवायच्या होत्या. तिच्याकडे फक्त फोन, डोळे अधू. पीडीएफ बोटांनी सरकवत वाचणं तिला जमेना, म्हणून सगळं युनिकोडमध्ये बदलायला घेतलं. त्यासाठी कन्व्हर्टर असतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, हाताने लिहावी तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर प्रत्येक अक्षर उचलून जागा बदलतो, आणि कधी चुकतो.

उरलेल्या चुका मी शुद्धलेखन तपासणीवर सोपवल्या. लाल रेघ दिसली की दुरुस्त करायची. ‘न्हाई’चं ‘नाही’, ‘व्हतं’चं ‘होतं’, ‘म्या’चं ‘मी’. एका संध्याकाळी चाळीस ओव्या झाल्या. मोठ्या अक्षरात आत्याला पाठवल्या.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. “ह्या कुणाच्या गं, बाळा?”

“आजीच्या. बाबांनी लिहून घेतलेल्या.”

“आई असं न्हाई बोलायची. म्हणून बघ की, बसतंय का ते.”

आणि तिने फोनवर एक ओवी म्हटली, हळू, जात्याच्या फेऱ्याला धरून. माझ्या दुरुस्त केलेल्या ओळीत तीच ओवी दर वेळी एका जागी अडखळत होती.

मी बाबांची मूळ फाइल पुन्हा उघडली. जन्मभर लोकांच्या पत्रिकांमधले ऱ्हस्व-दीर्घ न विचारता दुरुस्त करणारा माणूस. पत्रिकेत ‘अशिर्वाद’ दिसला की गिऱ्हाइकाशी वाद घालायचे. त्यांनी इथे मात्र ‘न्हाई’ तसंच ठेवलं होतं. दोनशे बारा ओव्यांत एकदाही ‘नाही’ नव्हतं. त्यांचा हात फॉन्टवर बसलेला होता, तसा कान आजीवर.

तपासणी बंद केली. चाळीसही ओव्या पुन्हा पहिल्यापासून केल्या. आता रोज रात्री जेवणं झाली की आत्याला फोन लावते. मी वाचते, ती ऐकते, रफार चुकला तर थांबवते. एकशे साठ झाल्या आहेत. फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे.

डबा दादाने भंगारात दिला. हार्ड डिस्क आईने देवघराखालच्या कप्प्यात ठेवली आहे.