भोकरदनची बाई नेपल्सला

प्रवासवर्णनाची सुरुवात विमानापासून करावी, असा आपल्याकडे एक दंडक आहे. खिडकीतून दिसणारे पिंजलेल्या कापसासारखे ढग, हवाई सुंदरीचे मापात हसणे आणि शेजारच्या गृहस्थाचे घोरणे एवढे झाले, की लेखकाचे पाय एकदाचे युरोपच्या भूमीला लागतात. वाचकांची हरकत नसेल तर हा सारा मजकूर मी गाळतो. कापूस पाहायला आम्हा जालना जिल्ह्यातल्या माणसांना इतक्या उंच जावे लागत नाही.

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवतो. वय चाळिशी ओलांडलेले. साठवलेल्या पैशांत यात्रा कंपनीबरोबर आठ दिवसांचा युरोप होत होता. पाठीला सॅक लावून एकट्याने हिंडल्यास तोच तीन आठवडे पुरत होता. मराठीच्या मास्तरालाही हा हिशेब जमला. सौभाग्यवतींनी सॅकमध्ये दोन जोड कपड्यांवर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि राजूरच्या गणपतीचा अंगारा कोंबला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वारी निघाली.

तिकडे स्वस्तात उतरायचे तर होस्टेलात. एका खोलीत आठ खाटा, त्याही एकावर एक. मला नेमकी वरची मिळे. विशीतली पोरे खाली मोबाइल पाहत लोळताहेत आणि मराठीचे प्राध्यापक शिडीवरून वर चढताहेत, हे दृश्य आमच्या प्राचार्यांच्या दृष्टीस पडले नाही, ही राजूरच्या गणपतीची कृपा. पोरे मात्र मोठी लाघवी. शेंगदाण्याची चटणी ती पावाला लावून खात आणि डोळे पुसत पुन्हा मागत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "तुम्ही कुठले?"

'इंडिया' एवढ्याने कुणाचे समाधान होत नाही. 'महाराष्ट्र' म्हटले की चेहरा कोरा. मग आपण म्हणतो, 'मुंबईजवळ.' जालना मुंबईपासून चारेकशे किलोमीटरवर. एवढ्या अंतरात युरोपात देश बदलतो, भाषा बदलते, पावाचा आकारसुद्धा बदलतो. पण आम्हाला ही सवय घरचीच आहे. आमचा जिल्हा 1 मे 1981 रोजी औरंगाबादेतून वेगळा झाला, आता औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, तरी पुण्यात नोकरीला गेलेला आमचा विद्यार्थी 'गाव कोणते?' विचारल्यावर 'संभाजीनगरकडचा' असेच सांगतो. आपल्या गावाचे नाव सांगून समोरच्याला कोड्यात का टाका, असा त्यात एक सभ्यपणा असतो. थोडी लाजही असते.

लंडनहून मी ग्लासगोला गेलो तो एका पुतळ्यासाठी. तिथल्या आधुनिक कलासंग्रहालयासमोर ड्यूक ऑफ वेलिंग्टन घोड्यावर बसले आहेत. मारोकेत्ती नावाच्या शिल्पकाराने 1844 साली हा पुतळा घडवला. ज्याने नेपोलियनला वॉटर्लूवर हरवले, त्या सेनापतीच्या डोक्यावर आज रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला भगव्या-पांढऱ्या रंगाचा प्लॅस्टिकचा शंकू आहे! 1980 च्या दशकापासून रात्री कुणीतरी तो चढवतो, नगरपालिका काढते, पुन्हा कुणीतरी चढवतो. 2013 साली चौथराच उंच करावा म्हणजे पोरांचे हात पोचणार नाहीत, असा बेत निघाला, तर गावाने असा गिल्ला केला की बेत मागे घ्यावा लागला. आपल्याकडे पुतळ्याशी कुणी अशी गंमत केली, तर बाजारपेठ तीन दिवस उघडायची नाही.

सगळे प्रवासी त्या टोपीचे फोटो काढत होते. मी वाकून चौथऱ्याचा काढला. पायरीवर बसलेल्या एका तरुणाला याचे नवल वाटले. "वरचे सोडून खालचा फोटो का?" त्याने विचारले. मी म्हटले, "बाबा रे, खाली माझा जिल्हा आहे."

हे खरेच आहे. चौथऱ्याच्या एका बाजूला कांस्यात वॉटर्लूची लढाई कोरली आहे आणि दुसऱ्या बाजूला असईची. असई म्हणजे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातले आमच्या जिल्ह्यातले खेडे. 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला इंग्रजांनी तिथे गाठले. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा म्होरक्या पोलमन नावाचा हॅनोव्हरकडचा जर्मन. म्हणजे युरोपियनच युरोपियनाशी भांडत होते, तेही आमच्या शेतात. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली हाच पुढचा वेलिंग्टन. वाटाड्यांनी त्याला सांगितले, नदीला इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तो दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे. एवढी जवळ गावे आहेत म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसे मारली वा जखमी केली. म्हातारपणी त्याला कुणी विचारले, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? तर तो वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला.

तरुणाने सगळे ऐकले आणि तो उठून पहिल्यांदाच चौथऱ्याच्या त्या बाजूला गेला. रोज तिथे बसणारा माणूस, पण त्यालाही ती बाजू ठाऊक नव्हती. मला जरा बरे वाटले. आपल्या अंगणातले न पाहण्याचा मक्ता काही आपण एकट्यांनी घेतलेला नाही.

तिथून पॅरिसमार्गे खाली उतरलो. पॅरिसच्या दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' म्हणावे लागते. थेट भाव विचारला तर दुकानदारीणबाई अशा पाहतात, की वाटावे आपण उधारी बुडवली आहे. आमच्याकडे रामराम न घालता कामाचे बोलणाऱ्याकडे म्हातारी माणसे अशीच पाहतात. इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर एक भाव, खुर्चीत बसून प्यायली तर पुष्कळदा दुसरा. आमच्या टपरीवर एका कटिंगमध्ये बाकडे, वर्तमानपत्र आणि राजकारण तिन्ही फुकट मिळते, हे तिकडच्या कॉफीवाल्याला सांगितले असते तर त्याने धंदा सोडला असता. रोममध्ये मात्र माझी झोप उडाली. तिथे चौकाचौकांत 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ आहेत, 1874 सालापासूनचे. त्यांतून पिण्याचे पाणी रात्रंदिवस वाहते. पहिल्या नळापाशी मी चावी शोधू लागलो, चावीच नाही! 2013 च्या दुष्काळात आम्ही टँकरमागे हंडे घेऊन धावलेली माणसे. वाहता नळ दिसला की हात आपोआप पुढे होतो. चार दिवसांत त्या नळांची मला सवय झाली नाही आणि होऊ नये असेच वाटले.

शेवटचा मुक्काम नेपल्स. सज्जासज्जांत वाळत घातलेले कपडे, गल्लीच्या कोपऱ्यावर देवाचा कोनाडा आणि अंगावर येणाऱ्या दुचाक्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मला रस्ता ओलांडायला भीती वाटली नाही.

नेपल्सजवळ पॉम्पेई. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले शहर. भिंतींवर निवडणुकीचा प्रचार रंगवलेला, एका उंबऱ्याशी 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी, भटारखान्यात दगडी जाती. दोन हजार वर्षांत माणसाने नवीन काय केले, असे वाटू लागते. तिथल्या मोठ्या रस्त्याला संशोधकांनी नाव दिले आहे 'व्हिया देल अब्बोंदांत्सा', म्हणजे समृद्धीचा रस्ता. आमच्या जिल्ह्यातूनही आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. या पॉम्पेईच्या समृद्धी मार्गावरील एका घरात 1938 साली मायुरी नावाच्या उत्खननकर्त्याला वीतभर उंचीची हस्तिदंती बाई सापडली. ती नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयात आहे.

ज्या दालनात तिला ठेवले आहे त्याचे नाव 'गुप्त दालन'. शृंगारिक वस्तू म्हणून तिथल्या मूर्ती-चित्रे पूर्वी कुलपात ठेवत. 2000 साली ते दालन लोकांना खुले झाले. आमची बाई तशी सोज्वळ. अंगावर वस्त्र फारसे नाही, पण दागिने एवढे की लग्नघरात शोभावी : हात भरून बांगड्या, कमरेला मेखला, पायांत जड तोडे. दोन्ही बाजूंना शृंगाराचे साहित्य घेतलेल्या दोन छोट्या दासी. आधी विद्वानांनी तिला लक्ष्मी म्हटले, मग यक्षी. ती मथुरेची असावी असेही म्हणत. पुढे 1973 साली भोकरदनला उत्खनन झाले, तेव्हा तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचे अवशेष मिळाले आणि म. के. ढवळीकरांसारख्या संशोधकांनी सांगितले, ही भोकरदनचीच. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे, म्हणून काहीजण तिला वायव्येकडची मानतात. वाद मिटलेला नाही. पण भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत तिथल्या दात्यांची नावे आहेत. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरचे ते गाव. भडोच बंदरातून हस्तिदंत परदेशी जाई, हे त्या काळच्या ग्रीक प्रवासग्रंथातही नोंदले आहे.

मी बराच वेळ काचेपुढून हललो नाही, तेव्हा पहारेकरी जवळ आला. त्याने माझ्याकडे बोट केले, "इंडियन?" मग बाईकडे, "इंडियन!" मी म्हटले, "आमच्या गावाकडची असावी." त्याने विचारले, "मुंबई?"

तीन आठवडे मी 'मुंबईजवळ' म्हणत आलो होतो. त्या बाईच्या तोंडावर ते म्हणवेना. मी म्हटले, "भोकरदन." त्याला ते नीट जमेना. "बोकर्दान, बोकर्दान," असे तो दोनतीनदा घोळवत राहिला. मीही मास्तरच, उच्चार सुधारल्याशिवाय त्याला सोडले नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर हे सारे वर्गात सांगितले. भोकरदनकडच्या एका मुलीने विचारले, "सर, मग ती बाई परत कधी आणायची?" मी म्हटले, "बाळ, तिला कुणी लुटून नेल्याचे दिसत नाही. आपल्या कारागिराने ती घडवली असेल, व्यापाऱ्याने रोख पैसे मोजून नेली असेल. लेक सासरी नांदते आहे, नांदू दे. माहेराचे नाव मात्र आपण सांगत राहू." कारागिराने आपले नाव कुठे कोरलेले नाही. त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याजवळ एका गावाचे नाव तेवढे आहे. तेही 'संभाजीनगरकडे' म्हणून आपण उडवले, तर उरते काय?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीच्या सुट्टीत व्हिसा, विमान, काही न लागता एक प्रवास करून पाहा. जालन्याहून भोकरदन साठेक किलोमीटर. वाटेत राजूरचा गणपती लागतो. केळणेच्या काठी उतरा आणि पुढे असईचे शिवार पाहा. तिथे कुणी विचारलेच, 'तुम्ही कुठले?', तर आपल्या गावाचे खरे नाव सांगा. ते लहान असले तरी चालेल.